सतरा नंबरचं कार्ड

मुरलीधर नाना पवार पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा मी चहा ठेवायला आत गेले होते. कप घेऊन बाहेर आले तर ते काचेच्या कपाटासमोर उभे राहून, एक बोट हवेत हलवत, आमची पुस्तकं मोजत होते. मला बघूनही थांबले नाहीत. शेवटच्या कप्प्यापर्यंत गेले, आडवी ठेवलेलीही धरली आणि मग म्हणाले, "दोनशे अकरा. बाई, यातली वाचली किती?"

मी अंदाजानं दीडशे म्हटलं. त्यांनी खिशातली डायरी काढून लिहून घेतलं. खुर्चीत बसले, चहाचा एक घोट घेतला आणि विचारलं, "आणि उरलेली का नाही वाचली?"

रेवा, ईशान, मी आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवलं, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. वेळ मिळाला नाही, असं मी म्हटलं. "हे कारण सगळेच देतात," नाना म्हणाले, "दुसरं सांगा." आणि काय झालं कोण जाणे, मी सांगून टाकलं की ती बहुतेक पुस्तकं तुमच्या आजोबांची आहेत. त्यांच्या हातच्या खुणा आहेत त्यांत. वाचायला घेतली की त्यांची पत्रं चोरून वाचल्यासारखं वाटतं.

हे उत्तर नानांनी लिहून घेतलं नाही. डायरी मिटली, खिशात ठेवली आणि चहा संपवला.

किती, आणि का. नानांचं सगळं आयुष्य या दोन प्रश्नांवर चालतं. पुढच्या सुट्टीत याल तेव्हा तुम्हालाही ते विचारले जातील, म्हणून आधीच सावध करून ठेवते.

नाना मूळचे धुळ्याजवळच्या एका खेड्यातले. धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावर भावाचं रिकामं घर होतं म्हणून भुसावळला आले, ते आमच्या समोरच. इथल्या आमच्या जुन्या वाचनालयाला कोणीतरी जाणकार माणूस हवाच होता. नाना मानद ग्रंथपाल झाले. मी त्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत आहे. या गावात एकदा शिकवलं की माणूस कायमची 'बाई' होते, म्हणून तेही मला बाईच म्हणतात.

आल्या आल्या त्यांनी वाचनालयातली एकूण एक गोष्ट मोजली. पुस्तकं, खुर्च्या, पंखे, चालू पंखे, वर्तमानपत्रं वाचायला येणारी माणसं, आणि वर्तमानपत्र उशाला घेऊन झोपणारी माणसं वेगळी. कोणी काही विचारलं की छाती काढून अहिराणीत म्हणायचे, "बठ्ठं मोजेल शे." म्हणजे, सगळं मोजलेलं आहे. हे वाक्य इतकं ठरलेलं, की ते दारातून आत आले की शिपाईच आधी म्हणायचा आणि नाना खूश व्हायचे.

लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर गंभीरपणे उत्तर देत, "एकच मुलगी पाहिली होती. नमुना लहान पडला."

सर्वेक्षणाचा त्यांना नाद आहे. एक छापील चिठ्ठी असते: फार चांगलं, चांगलं, मध्यम, वाईट, फार वाईट. ती त्यांनी चहाच्या टपरीवाल्याकडून भरून घेतली आहे, न्हाव्याकडून भरून घेतली आहे. एकदा त्यांना मी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी जेवायला वाढली. जेवून उठताना त्यांनी चिठ्ठी काढली आणि माझ्यासमोर 'मध्यम'वर खूण केली.

"मध्यम?" मी म्हटलं. "नाना, चाळीस वर्षं भरीत करतेय मी."

"रागावू नका बाई. आता दुसरा प्रश्न विचारा ना."

"का मध्यम?"

"मिरच्या वांग्यासोबत भाजल्या नाहीत तुम्ही. तेलात परतल्या."

खरं होतं. त्या दिवशी मला घाई होती. तेव्हापासून मी त्यांच्या चिठ्ठीला हसणं बंद केलं.

स्टेशनवरच्या पुस्तकांच्या दुकानासमोर ते एकदा तासभर उभे होते. किती लोक पुस्तक उचलून परत ठेवतात, ते मोजत. मग न राहवून एका प्रवाशाला गाठलं आणि विचारलं, "तुम्ही ते परत का ठेवलं?" त्या बिचाऱ्यानं घाबरून आधी तिकीट दाखवलं, मग आधार कार्ड दाखवलं आणि शेवटी पुस्तक विकतच घेतलं. नाना फार हळहळले. "निरीक्षणात ढवळाढवळ झाली," म्हणाले. "हा माणूस आता धरता येणार नाही."

अशा माणसानं बासष्टाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलं, यात कोणाला नवल वाटलं नाही. विषय होता खेड्यातल्या शाखा-वाचनालयांचे वाचक, आणि तो अभ्यासायची दुहेरी रीत. प्रबंध इंग्रजीत लिहायचा, म्हणून तपासायला माझ्याकडे यायचा. मला त्या शास्त्रातलं काही कळत नव्हतं. नानांनी मला एका वाक्यात समजावलं. "ताप आला की डॉक्टर थर्मामीटर लावतो आणि कुठे दुखतं तेही विचारतो. नुसता पारा बघून औषध देत नाही आणि नुसतं ऐकूनही देत नाही. मग ग्रंथपालानं एकच का करायचं?" पारा म्हणजे संख्यात्मक पद्धत. कुठे दुखतं ते विचारणं म्हणजे गुणात्मक. आधी आकडे, मग माणसं, आणि मग दोन्ही शेजारी ठेवून बघायचं.

आता गोष्टीकडे येते. आमच्या वाचनालयाची एक शाखा आहे. भुसावळपासून बसनं तासाभरावर, केळीच्या बागांमधल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही आणि पुढे येणारी बायकांची नावंही खरी नाहीत. तसं मी नानांना लिहून दिलेलं आहे. शाखा म्हणजे ग्रामपंचायतीनं दिलेली एक खोली, चार कपाटं, आणि दुपारी बारा ते चार ती उघडून बसणाऱ्या मंदाअक्का. खोलीत कधी कोणी बसलेलं दिसत नाही, म्हणून शाखा बंद करावी आणि पुस्तकं भुसावळला आणावीत, असं कार्यकारिणीत बरेच दिवस घाटत होतं. अध्यक्ष भाऊसाहेब म्हणाले, "नाना अभ्यास करताहेत. त्यांचा आकडा येऊ द्या. त्यावर ठरवू."

नानांनी तिथली देवघेवीची वही आणली. कोणत्या कार्डावर, कोणत्या तारखेला, कोणतं पुस्तक गेलं आणि कधी परत आलं, ते सगळं त्या वहीत असतं. आठ दिवस ते वहीवर वाकून बसले होते. नवव्या दिवशी माझ्याकडे आले ते वैतागून.

"बाई, एक कार्ड सगळा हिशोब बिघडवतंय. सतरा नंबर. बाकी सगळ्या कार्डांवर मिळून जेवढी पुस्तकं गेली, त्याच्या कितीतरी पट या एका कार्डावर. आज नेलेलं जाडजूड पुस्तक परवा परत. एक माणूस इतकं वाचूच शकत नाही."

"मग?"

"नोंदीची चूक असणार. मंदाअक्का येईल त्याला सतरा नंबर टाकत असतील. असा एखादा आकडा बाकीच्यांपासून फार लांब पडला की तो बाजूला काढतात. शास्त्रात तशी मुभा आहे. नाहीतर सरासरी खोटी होते."

मला ते पटलं. घरात मीही तसंच करते, एखाद्या महिन्याचं विजेचं बिल भलतंच आलं की ते सोडून बाकीच्यांचा अंदाज बांधते. नानांनी सतरा नंबर काढला, तक्ता नीट केला, खाली सही केली आणि एक प्रत भाऊसाहेबांना दिली. सतरा नंबर नसलेला तो तक्ता अगदी स्वच्छ होता. त्या शाखेला वाचक जवळजवळ नव्हतेच. पुढच्या सभेत शाखा बंद करायचा ठराव आणायचं ठरलं.

नानांचं अर्धं काम मात्र राहिलं होतं. आता माणसांना विचारायचं होतं. परका पुरुष एकटा गेला तर बायका बोलणार नाहीत, म्हणून त्यांनी मला सोबत नेलं.

आम्ही गेलो तेव्हा केळीच्या कापणीवरून परतलेल्या सात-आठ जणी मंदाअक्कांनी खोलीत जमवून ठेवल्या होत्या. नानांनी प्रत्येकीच्या हातात संमतीचा कागद दिला. तुम्ही सांगाल ते तुमच्या नावानं कुठेही येणार नाही, तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगणार नाही, खाली सही करा. एक म्हातारी कागद उलटापालटा करून म्हणाली, "सई कायची बाप्पा? वावर तं नाही ना लिहून घेत?"

"नाही आजी, उलट मीच लिहून देतोय."

"मंग तुमीच करा सई!"

सगळ्या हसल्या. नानांनी खरोखर प्रत्येक कागदावर आधी स्वतःची सही केली आणि सोबत आले म्हणून माझीही घेतली.

मग ते बाहेर ओट्यावर, सगळ्यांना दिसतील असे बसले आणि एकेकीला बोलावू लागले. फोन मधे ठेवलेला, रेकॉर्डिंग चालू. मी आत बाकीच्यांशी बोलत होते. सतरा नंबरचं कार्ड इंदूबाईंचं. चाळिशीतली बाई, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग. ती बाहेर गेली आणि बराच वेळ आत आली नाही. आतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "इतकं काय इचारून राह्यले वं तिले?" एकीनं मंदाअक्कांना विचारलं.

शेवटी नानाच दारात आले. चेहरा उतरलेला. "बाई, जरा बाहेर या. हे तुम्हीही ऐका."

इंदूबाईंच्या मांडीवर आपल्या वाचनालयाचं एक पुस्तक होतं. तिनं ते उघडून मला दाखवलं. मधे मधे पानांत खुणा घातलेल्या होत्या. कापसाची वात, केळीच्या वाळक्या सोपाची पट्टी, गोळ्यांचं रिकामं पाकीट, शाळेच्या वहीचा तुकडा, हिरव्या दोऱ्याची गाठ. एकाच पुस्तकात पाच.

"हे चंपाचं. हे माह्या जावेचं. दोरा सुनंदाचा," ती सांगत होती. "सकाळी एकीपाशी, दुपारी वावरात दुसरीपाशी, सांजेले तिसरीपाशी. पानी भराले गेलं की पुढं जाते पुस्तक. दोन दिवसांत अख्खी गल्ली फिरून येते."

"पण मग प्रत्येकीनं आपापलं कार्ड का नाही काढलं?" मी विचारलं.

"फारमावर घरच्या मानसाची सई लागते ना. माह्या सासऱ्यानं देल्ली. त्याले पोथीचा नाद होता. बाकीच्याह्यच्या घरी म्हनते, कायले पाहिजे तुले पुस्तक? टीव्ही हाये, मोबाइल हाये."

तिनं कार्ड पालथं केलं. मागे आमचाच नियम छापलेला होता. हे कार्ड दुसऱ्यास वापरू देऊ नये, दिल्यास रद्द होईल. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं. "नाना, तुमी सईनं कबूल केलं. हे कोठं सांगू नका. कार्ड गेलं तं गल्लीचं वाचनं गेलं. आन घरी समजलं तं दोघी-तिघींचं बोलनंही जाईन."

"नाही सांगणार," नाना म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत बसले होते. केळीच्या बागा संपल्या, कापसाची शेतं लागली. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, मी गाव काढी टाकं."

सतरा नंबर काढताना आपण अख्खं गावच काढून टाकलं, असं ते अहिराणीत म्हणत होते. मला तेव्हाच कळलं की ते कशात अडकलेत. तक्ता खरा नाही हे सांगितल्याशिवाय शाखा वाचणार नाही, आणि का खरा नाही हे सांगितलं तर दिलेला शब्द मोडतो.

सभेत ठराव आला. कार्यवाह देवरे यांनी नानांचाच तक्ता वाचून दाखवला. नाना उभे राहिले. "हा तक्ता मी मागे घेतो. तो चुकीचा आहे."

भाऊसाहेब हसून म्हणाले, "काय नाना! तुमचं तर बठ्ठं मोजेल शे ना?" सगळे हसले. मीही त्या वाक्याला पूर्वी हसलेली आहे, पण त्या दिवशी ऐकवलं नाही.

"मोजलं बरोबर होतं," नाना म्हणाले. "काढलं ते चुकीचं होतं."

"काय काढलं?"

"ते सांगता येणार नाही."

"म्हणजे वाचक आहेत?"

"आहेत."

"किती? कुठे आहेत? खोलीत तर दिसत नाहीत."

आयुष्यभर लोकांना किती आणि का विचारलेल्या माणसाला आज तेच विचारत होते आणि त्याला दोन्हीचं उत्तर माहीत असून देता येत नव्हतं. माझ्या ओठांवर आलं होतं. मी खुर्चीत पुढे सरकले, तेवढ्यात नानांनी माझ्याकडे पाहिलं. मीही त्या कागदावर सही केलेली होती. मी मागे टेकले.

देवरे म्हणाले, "सही केलेला कागद खरा मानायचा, की न सांगता येणारी गोष्ट?" प्रश्न रास्त होता. भाऊसाहेबांनी, नानांच्या वयाकडे बघून असेल, ठराव पंधरा दिवस पुढे ढकलला. "लेखी काहीतरी आणा. नाहीतर माझा नाइलाज आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा त्या गावी. नानांनी बायकांना काही लपवून ठेवलं नाही. "शाखा बंद होणार आहे आणि ती माझ्या तक्त्यामुळे होणार आहे. तुम्ही मोकळं केलंत तरच मला बोलता येईल. नाही म्हणालात तर मी बोलणार नाही, आणि तुमच्यावर माझा राग नसेल. मी बाहेर बसतो. तुम्ही ठरवा."

ते बाहेर उन्हात, दगडावर जाऊन बसले. आत भांडण पेटलं.

"तुह्या घरी चालते वं इंदू, आमच्या घरी नाही चालत!" सुनंदा म्हणाली. "माही सासू मले उभी जाळीन."

"नाव कोन सांगून राह्यलं तुहं?"

"नाव नसलं तं काय, गल्ली सांगतली की समजते!"

"मंग काय करतं? पुस्तकं चालली भुसावळले. मंग वाच टीव्हीवरचं कुंकू!"

मी मधे बोलले नाही. खिडकीतून बाहेर दगडावरचे नाना दिसत होते. डोक्यावर रुमाल टाकलेला. आत काय चाललंय ते ऐकू जाऊ नये म्हणून आपण होऊन आणखी लांबच्या दगडावर जाऊन बसले. तासाहून जास्त झालं. चंपानं त्यांना पाण्याचा तांब्या नेऊन दिला, तर म्हणाले म्हणे, "ठरेपर्यंत नको. पाणी घेतलं तर तुम्हाला वाटेल, नानांना हो म्हणावंच लागेल."

चंपानं आत येऊन हे सांगितलं तेव्हा भांडण तिथेच थांबलं. सुनंदानं डोळ्यांना पदर लावला. "येडं मानूस," ती म्हणाली. "सांगू द्या त्याह्यले. माही सासू पाहीन मी."

नानांना आत बोलावलं. इंदूबाई म्हणाली, "कार्डावरचं नाव माहं हाये. काही झालं तं माह्यावर येईन. पन नाना, एक लिहा. चोरी नोती. पुस्तकाचं एक पान कधी फाटलं नाही."

पुढच्या सभेत नानांनी नवा कागद वाचला. एकही नाव नव्हतं. सतरा नंबरचं कार्ड एका माणसाचं नसून एका गल्लीचं आहे एवढंच, आणि ते तसं का आहे ते. शेवटी 'चोरी नोती' हे इंदूबाईंचं वाक्य होतं, जसंच्या तसं. 'कायले पाहिजे तुले पुस्तक' हे वाचताना नानांचा आवाज बदलला आणि त्यांनी चष्मा पुसला. देवरे म्हणाले, नियमानुसार हे कार्ड रद्द करावं लागेल. ते रद्द झालं. पण त्याच सभेत अर्जावरची घरच्या माणसाच्या सहीची अटही गेली आणि शाखा एक वर्ष चालू ठेवायचं ठरलं. आठवड्याभरात मंदाअक्कांकडचे कोरे अर्ज संपले. सुनंदाचा सगळ्यात शेवटी आला, पण आला.

नानांची मात्र कंबर बसली. त्यांच्या मार्गदर्शक जळगावला असतात, वयानं त्यांच्या मुलीसारख्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही केलं ते योग्यच केलं. पण अभ्यासता अभ्यासता तुम्ही ते गावच बदलून टाकलंत. आता हे प्रकरण प्रबंधात चालणार नाही. दुसरं गाव घ्यावं लागेल." म्हणजे आणखी दोन वर्षं. नाना हो म्हणून आले. माझ्यासमोर बसून वह्यांचं मोठं बाड ठेवलं. "हे वेगळं बांधून ठेवा बाई. वापरायचं नाही, पण टाकायचंही नाही."

त्या बायकांच्या मुलाखती त्यांनी फोनवर ऐकून, त्यांच्या बोलीत, शब्द न शब्द हातानं उतरवल्या होत्या. बाड लावताना मी सवयीनं ताडून बघू लागले. मार्गदर्शकांनी मंजूर केलेल्या यादीत बारा प्रश्न होते. मुलाखतींत तेरा. प्रत्येक मुलाखतीच्या शेवटी एक जास्तीचा प्रश्न होता: पुस्तक वाचून झालं की कोणाला सांगता?

"नाना, हा तुमच्या यादीत नाही," मी म्हटलं. "परीक्षकांनी पकडलं असतं."

"तो संशोधनासाठी नव्हता," नाना म्हणाले आणि उठून घरी गेले.

मी उत्तरं वाचली. एकीनं सांगितलं होतं, जावेले. एकीनं, धुनं धुताना बठ्ठ्याह्यले. म्हातारीनं सांगितलं होतं की ती म्हशीलासुद्धा सांगते. सतरा नंबरच्या कार्डाची हकीकत याच प्रश्नामुळे उघडी पडली होती, हेही तेव्हा कळलं. इंदूबाईंनी कोणाकोणाला सांगते ती नावं घेतली होती आणि बोलता बोलता सगळी गल्ली आली होती. ती नावं संपल्यावर तिनं उलट विचारलं होतं. "आन तुमी, नाना? तुमी कोनाले सांगता?"

मुलाखत घेणाऱ्यानं स्वतःचं बोलणंही गाळायचं नाही, असा नियम असतो. नानांनी तो पाळला होता. त्याच निळ्या शाईत, त्याच गोल अक्षरात, पुढच्या ओळीवर लिहिलं होतं: "संशोधक: कोणालाच नाही."

त्याखाली इंदूबाई: "मंग आमाले सांगत जा."

तिथे मुलाखत संपते.

आता दर बुधवारी नाना दुपारच्या बसनं त्या गावाला जातात. प्रबंधाचं तिथे काही काम नाही. परवा मी बाजारातून येत होते, तर ते बसस्टँडच्या बाकावर बसलेले दिसले. धुतलेला सदरा, नीट भांग, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुस्तक. मी हाक मारणार होते, पण त्यांचे ओठ हलत होते. मधेच हात वर करत, मान हलवत, थांबत, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. बायकांना ती गोष्ट कशी सांगायची, याची तयारी चालली होती.

बस यायला अजून वेळ होता. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि त्यांना दिसणार नाही अशी बाजूच्या रस्त्यानं घरी आले.